कंपाइल होतं, चालवताना मात्र लायब्ररी सापडत नाही

सातपूरकर:
मंडळी, जरा मदत करा. इथे अंबडला कंपनीत मशीनच्या व्हायब्रेशनचा डेटा तपासायला एक छोटा सी प्रोग्राम लिहिलाय, त्याला जीएसएल (गणिती आकडेमोडीची लायब्ररी) लागते म्हणून ती सोर्सवरून टाकली, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल सगळं सुरळीत झालं, माझा प्रोग्रामही बिनतक्रार बनला. चालवला की 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. अहो, फाइल /यूएसआर/लोकल/लिब मध्ये ढळढळीत दिसतेय! घरी उबुंटूवर नुसतं एलडीकॉन्फिग मारलं की काम होतं, इथे रॉकी लिनक्सवर तेही मारून झालं.

खटपट्या:
एलडी_लायब्ररी_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तो फोल्डर टाका, बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाते ती फाइल) एक्सपोर्टची ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

गोदाकाठ:
मोकळे कसले, उद्या तोच प्रोग्राम सुडोने किंवा सिस्टमडीच्या (पार्श्वभूमीतले प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) सर्व्हिसमधून चालवाल तेव्हा परत बोंब, कारण तुमची बॅशआरसी तिथपर्यंत पोचतच नाही. ती ओळ तात्पुरती तपासायला ठीक.

सातपूरकर, प्रोग्राम बनवताना लायब्ररी जोडणारा लिंकर वेगळा आणि चालवताना लायब्ररी शोधणारा लोडर वेगळा. जीसीसीला लायब्ररी सापडली म्हणून लोडरला सापडेलच असं नाही. लोडर बघतो /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश, आणि एलडीकॉन्फिग ती कॅश भरतं ठरलेल्या फोल्डरांमधूनच. उबुंटू त्या यादीत /यूएसआर/लोकल/लिब आधीच घालून देतं, रेडहॅटच्या घराण्यात (रॉकी त्यातलंच) ते नसतं. तुमचं घोडं तिथेच अडलंय. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये लोकल.कॉन्फ नावाची फाइल करा, आत फक्त तो पाथ, मग रूटने (अ‍ॅडमिनच्या हक्काने) एलडीकॉन्फिग. प्रोग्रामवर एलडीडी चालवून बघा, कुठली लायब्ररी कुठे सापडली ते ती कमांड दाखवते, कुठेही 'नॉट फाउंड' दिसायला नको.

सातपूरकर:
चाललं!! एलडीडी आता पूर्ण पाथ दाखवतंय. पण शॉपफ्लोअरच्या पीसीवर आम्हाला रूट देत नाहीत, आयटीवाल्यांच्या मागे लागायचं म्हणजे दिवाळी उजाडेल, तिथे काय करू?

गोदाकाठ:
मग आरपाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची तो पाथ प्रोग्राममध्येच लिहून ठेवायचा. लायब्ररी प्रोग्रामच्या शेजारीच लिब फोल्डरमध्ये ठेवा आणि लिंक करताना -डब्ल्यूएल,-आरपाथ,$ओरिजिन/लिब द्या, ओरिजिन म्हणजे प्रोग्राम जिथे आहे ते फोल्डर, त्यामुळे अख्खं फोल्डर कुठेही हलवा, चालतं. फक्त टर्मिनलवर ते सिंगल कोटात लिहा, नाहीतर शेल डॉलर खाऊन टाकतो. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा, वर कोट हवेतच. रीडएल्फ -डी ने प्रोग्राममध्ये नेमका कोणता पाथ बसला ते दिसेल.

खटपट्या:
हा डॉलरचा प्रकार मलाही माहीत नव्हता राव.