पुठ्ठ्यावरचे जुने फोटो: काळ कसा ओळखायचा?

जुनी_पेटी
मंडळी, पुठ्ठ्यावर डकवलेल्या अकरा फोटोंचा लॉट घेतलाय. विकणाऱ्याने सरसकट 'सन १८६०' अशी चिठ्ठी लावली आहे, ती पटत नाही. तीन नमुने देतो.

क) ६३ × १०१ मिमी. पातळ पुठ्ठा, कोपरे काटकोनी. पगडी-उपरण्यातले गृहस्थ उभे, शेजारी गोल टेबल. टाचांमागे लोखंडी पाया डोकावतो. मागे स्टुडिओचं नाव दोन ओळींत आणि तळाला बारीक अक्षरांत 'मारियाँ, पॅरिस'.
ख) १०८ × १६५ मिमी. बाटलीसारखा हिरवा जाड पुठ्ठा, कडा तिरप्या कापून सोनेरी केलेल्या. मागे पदकांची चित्रं, एकावर १८८३.
ग) ख च्याच मापाचा, जांभळट तपकिरी, गुळगुळीत. नऊवारीतल्या बाई खुर्चीत बसलेल्या. चेहरा मात्र धूसर.

ख आणि ग वर पांढरट बुरशी आहे. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवून साफ करावेत का?

भिंगवाला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: सोडवू नका. अल्ब्युमिनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला, फोटोचा कागद फार पातळ असतो. पुठ्ठ्यापासून सुटला की सुरळी होतो, आणि सुरळी उलगडताना वरचा थर तडकतो. शिवाय पाठीवरचा छापील मजकूर गेला तर काळ ठरवायचा अर्धा पुरावा गेला.

आता मापं. क म्हणजे कार्ट द व्हिझिट, भेटकार्डाच्या मापाचा पुठ्ठ्यावरचा फोटो. फ्रेंच फोटोग्राफर डिसदेरीने १८५४ साली पॅरिसमध्ये याचं पेटंट घेतलं, पण खरी लाट आली १८६० च्या आसपास. ख आणि ग ही कॅबिनेट कार्डं, म्हणजे त्याच प्रकारचे पण मोठे फोटो. हे माप लंडनहून १८६६ मध्ये बाजारात आलं, म्हणजे त्या दोघांवरची 'सन १८६०' ची चिठ्ठी फूटपट्टीनेच निकालात निघते.

एक नियम धरून चला: कार्डावरची सर्वांत उशिराची खूण काळ ठरवते, सर्वांत जुनी नव्हे. पदकावर १८८३ आहे म्हणजे कार्ड १८८३ किंवा नंतरचं, '१८८३ चंच' असं नाही. कलकत्त्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १८८३-८४ चं, पदक तिथलं असू शकतं. चित्रातली अक्षरं भिंगाखाली वाचा. एकदा मिळालेलं पदक स्टुडिओ पुढे वर्षानुवर्षं छापत राहायचे. गडद पुठ्ठा आणि तिरप्या सोनेरी कडा १८८० च्या दशकाशी जुळतात.

क वरचं 'मारियाँ' हे फोटोग्राफरचं नाव नाही. ती कोरी छापील कार्डं पुरवणारी कंपनी. लिलावाच्या यादीत तिला फोटोग्राफर केलेलं दिसलं तर यादी करणाऱ्याची बाकीची माहितीही तपासून घ्या. काटकोनी कोपरे, पातळ पुठ्ठा, पूर्णाकृती पोझ आणि पाठीवर मोजका मजकूर, हे सगळं १८६० च्या दशकाकडे बोट दाखवतं. गोल कोपरे १८७० नंतर रुळले. पण कोपरे कात्रीनेही गोल होतात, अल्बमच्या खाचेत बसावं म्हणून कापलेली कार्डं भरपूर सापडतात. चारही कोपऱ्यांची गोलाई सारखी आहे का, ते बघा.

तो लोखंडी पाया मान आणि पाठ स्थिर ठेवायच्या स्टँडचा. एक्स्पोजर काही सेकंदांचं, तेवढ्यात माणूस हलू नये म्हणून. 'स्टँड दिसतो म्हणजे प्रेताचा फोटो' हे इंटरनेटवरचं खूळ आहे. त्या स्टँडला मृतदेह उभा धरायची ताकदच नव्हती.

रुपेरी_झाक
कागद ओळखायला ३० पट भिंग आणि तिरका उजेड पुरतो. फोटोतला उजळ भाग बघा, गाल किंवा उपरणं. अंड्याच्या पांढऱ्याचा थर पारदर्शक असल्याने अल्ब्युमिनमध्ये खालचे कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात, उजळ भाग पिवळट पडलेला असतो आणि वर केसासारख्या बारीक भेगा असतात. जिलेटिन किंवा कोलोडियन (दोन्ही फोटोचा थर धरून ठेवणारे पारदर्शक पदार्थ) वापरलेल्या छपाई-कागदात मध्ये बराइटा नावाच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो, त्यामुळे तंतू झाकले जातात. असा कागद स्टुडिओंत १८९० च्या आसपास पसरला. ग चं वर्णन त्यात बसतं.

फोटोतल्या गडद भागांवर चांदीसारखी निळसर झाक आली असेल तर जिलेटिनचा संशय धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्यातला माल, फोटो नव्हे. कण नाहीत, ठिपके नाहीत, कुठे फिकटही पडलेलं नाही आणि गडद भाग किंचित उठावदार आहे, असं असेल तर वुडबरीटाइप, म्हणजे साच्यातून शाईने छापलेलं चित्र. त्याच्या शाईत चांदी नसते. अतिनील टॉर्चखाली पुठ्ठा निळसर पांढरा चमकला तर घेऊ नका. कागदात चमक आणणारी रसायनं विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची.

कपड्यांवरून मात्र काळ ठरवू नका. पगडी आणि नऊवारी यांची फॅशन लंडनच्या बाह्यांसारखी दर पाच वर्षांनी बदलत नव्हती.

कागदकीडा
पाठीवरच्या बिरुदाचा उपयोग करा. व्हिक्टोरियाला 'एम्प्रेस' म्हटलं असेल तर कार्ड १८७७ च्या आधीचं धरू नका. फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्या नावामागे 'राजा' असेल तर १८९४ किंवा नंतरचं, आणि मुंबईच्या स्टुडिओचा पत्ता असेल तर १८९६ किंवा नंतरचं. इतर स्टुडिओंचे पत्ते टाइम्स ऑफ इंडिया आणि थॅकर या प्रकाशकांच्या जुन्या डिरेक्टऱ्यांत (नाव-पत्त्यांच्या वार्षिक पुस्तकांत) वर्षवार लावता येतात. स्टुडिओ जागा बदलत राहायचे, त्यामुळे पत्त्यावरून कधी कधी दोन-तीन वर्षांपर्यंत पोचता येतं.

बुरशीचं म्हणाल तर ओलं कापड, थुंकी, स्पिरिट यांपैकी काही नको. ओलीत जिलेटिन फुगतं आणि ब्रशला चिकटतं. दोन्ही कार्डं वेगळी काढा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा. बुरशी कोरडी होऊन भुकटीसारखी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने मधून कडेकडे झटका. मग आम्लमुक्त कागदी पाकीट. मुंबई-कोकणात पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं जपून वापरा, पावसाळ्यात गुळगुळीत जिलेटिन त्यांना चिकटतं. पीव्हीसी तर नकोच. नोंद मऊ पेन्सिलीने, तीही पाकिटावर आणि फोटो आत घालण्याआधी.

वाकलेलं कॅबिनेट कार्ड स्कॅनरच्या काचेवर दाबू नका, जुना पुठ्ठा कटकन मोडतो. वरून कॅमेऱ्याने टिपा.

जुनी_पेटी
ग भिंगाखाली बघितला. तंतू नाहीत. पण बाईंच्या खांद्याजवळ फोटोच्या आतच एक पांढरी रेघ आहे आणि तिच्यावर नख फिरवलं तर काही लागत नाही.

भिंगवाला
मग ती रेघ दुसऱ्याच फोटोवरच्या ओरखड्याची. जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढलाय, म्हणून चेहरा धूसर. माणूस गेल्यावर घरच्यांनी अशा नकला करून घेणं सर्रास होतं. नोंदीत दोन ओळी करा: कार्ड १८९० च्या सुमाराचं किंवा नंतरचं, मूळ फोटो त्याआधीचा. आणि बाकी आठांच्या पाठीचे फोटो टाका, पुढची बाजू नंतर बघू.