अहेरीला एकच आमदार पुरतो का? जागा ठरवताना फक्त डोकी मोजायची की अंतरही?

मोहफूल (एटापल्ली)
जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे, १ मार्च २०२७. ती झाली की मतदारसंघांच्या फेररचनेचा विषय आज ना उद्या येणारच, कारण ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली होती. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या लोकांनी आतापासूनच बोललं पाहिजे असं मला वाटतं, म्हणून धागा काढतो.

मागच्या वेळी काय झालं ते आठवा. २००१ च्या जनगणनेवर फेररचना झाली, २००९ ची निवडणूक त्यावर लढली गेली. विदर्भाच्या जागा ६६ च्या ६२ झाल्या. अखंड ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. एकूण आकडा मात्र तोच, २८८. म्हणजे तिकडे वाढल्या त्या कुठून तरी कमी झाल्याच. आता २०११ चे आकडे धरले तरी विदर्भाची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर, राज्याच्या साडेवीस टक्के. त्या हिशेबाने वाट्याला येतात ५९. नवीन जनगणनेत काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर, आमदार तीन. मुंबई सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आमदार ३६. तिथे एका आमदाराच्या वाट्याला सतरा चौरस किलोमीटर, इथे अठ्ठेचाळीसशे. त्यातल्या अहेरी मतदारसंघात तर अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, सिरोंचा असे पाच तालुके. आमदार निधी दोघांनाही सारखाच, वर्षाला पाच कोटी. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादाही सारखीच, ४० लाख. धारावीत त्या पैशात घरोघरी जाता येतं. आमच्याकडे डिझेलातच जातात.

माझी मागणी सरळ आहे. डोंगर-जंगलाच्या भागात जागा ठरवताना क्षेत्रफळ आणि दळणवळण धरा. अहेरीचे दोन मतदारसंघ करा.

वैनगंगेकाठचा (देसाईगंज, सध्या पुणे)
मी याच जिल्ह्याचा आहे, तरी विरोधात लिहितो.

आधी साधा हिशेब. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार, भागिले तीन, म्हणजे एका आमदारामागे साधारण ३ लाख ५८ हजार. राज्याची सरासरी ३ लाख ९० हजार. आपल्याला आजच थोडं झुकतं माप आहे. अन्याय अन्याय म्हणून ओरडताना हा आकडा लोक खिशातच ठेवतात.

दुसरं, घटनेचं कलम १७० म्हणतं की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण राज्यभर शक्य तितकं सारखं ठेवा. आमदार माणसांचा असतो, सागवानाचा नाही. पुण्यात मी राहतो त्या मतदारसंघात उत्तर प्रदेशापासून नांदेडपर्यंतची पोटासाठी आलेली माणसं आहेत. त्यांच्या मताची किंमत एटापल्लीच्या मताच्या निम्मी का?

मोहफूल
"शक्य तितकं" हे शब्द तुम्हीच लिहिलेत, त्यासाठी आभार. फेररचना कायदा २००२, कलम ९ पण वाचा. मतदारसंघ सलग असावा, आणि भूभागाची रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी, लोकांची सोय या सगळ्यांचा विचार करावा असं त्यात आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ च्या आयोगाने जिल्ह्यांचे तीन गट पाडले आणि डोंगराळ भागाला दहा टक्क्यांची सवलत दिली. तिथे चाललं ना?

वैनगंगेकाठचा
चाललं. पण दहा टक्के म्हणजे दहा टक्के. त्याने अहेरीचे दोन होत नाहीत. फार तर आहेत त्या तीन जागा वाचतील. तुमची मागणी तेवढी ठेवा, मी उद्या सही करतो.

धानाचा बांध (कुरखेडा)
दोघंही कागदावर भांडून राहिले बाप्पा. निवडणुकीच्या दिवशी काय होते ते लिहा ना कोणी.

मी इलेक्शन ड्युटी केलेला माणूस आहो. आपल्याकडे मतदान सात ते तीन. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सहापर्यंत. नक्षलग्रस्त म्हणून वेळ कमी, आणि केंद्र गावापासून लांब. पुण्यातला माणूस पाच वाजता ऑफिसातून येऊन बटन दाबते. इथली बाई सकाळी भाकरी बांधून निघते, नाला ओलांडते, लेकरू कडेवर, रांगेत उभी राहते, आणि अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून दोनच्या आत मोकळी व्हायला बघते. मशिनी हेलिकॉप्टरने येतात, पोलिंग पार्टी आधीच बेस कॅम्पला जाऊन बसते. एका केंद्रावर आम्ही पोलिसांसंगं पायी गेलो होतो, मशीन खांद्यावर. तरी तिथे मतदान शहराच्या वर झालं. म्हणून मताची किंमत निम्मी की दुप्पट हा हिशेब मले नका सांगू.

नागपुरी बर्डी
धानाचा बांध, आवडलं. पण मुद्दा तिथेच अडतो. मतदान जास्त होतं, निवडून कोण येतं?

२०२४ चं अहेरी बघा. धर्मरावबाबा आत्राम राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाकडून, त्यांच्याच कन्या भाग्यश्री आत्राम शरद पवार गटाकडून, पुतणे अम्ब्रीशराव अपक्ष. बाबा निवडून आले. २०१४ ला अम्ब्रीशराव भाजपकडून आले होते, २००९ ला दीपक आत्राम अपक्ष. पक्ष बदलतो, चिन्ह बदलतं, आडनाव काही बदलत नाही. दोन मतदारसंघ केले तर घरातला तंटा मिटेल, दोघांची सोय होईल. लोकांची होईल का?

मोहफूल
हे टोमणे नागपुरातून सोपे आहेत. घराणी काय फक्त अहेरीतच आहेत का? पश्चिम महाराष्ट्रात कारखाना, बँक, आमदारकी एकाच वाड्यात, त्यावर कोणी म्हणत नाही की यांच्या जागा कमी करा.

मोठ्या मतदारसंघात घराण्याचंच फावतं, हे बघा. ज्याचं नाव आधीच पाच तालुक्यांत पोचलेलं आहे तोच उभा राहू शकतो. भामरागडचा एखादा माडिया आदिवासी पोरगा, शिकलेला, ग्रामसभेत काम केलेला, त्याला सिरोंच्यात कोण ओळखतं? तिकडे तेलुगू बोलतात, इकडे माडिया. मतदारसंघ लहान झाला तर त्याला निदान उभं राहता येईल.

प्राणहिता (सिरोंचा)
सिरोंच्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. २००९ च्या आधी मतदारसंघाचं नावच सिरोंचा होतं. नाव गेलं याचं मला दुःख नाही. मेडीगड्ड्याचं आहे.

गोदावरीवर पलीकडे तेलंगणाने बॅरेज बांधलं आणि फुगवट्याचं पाणी आमच्या शेतात आलं. दोन राज्यांचा करार २०१६ चा. त्या वेळी अहेरीचा आमदार मंत्रिमंडळात राज्यमंत्री होता. म्हणजे एक आमदार होता, तोही सत्तेतला, तोही मंत्री. काय फरक पडला? आमच्या लोकांनी उपोषणं केली, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. आता जिल्ह्याचं पालकमंत्रिपद खुद्द मुख्यमंत्र्यांकडे आहे. याहून मोठा प्रतिनिधी कोणता आणायचा?

माझं म्हणणं, आमदार वाढवण्यापेक्षा ग्रामसभेची ताकद वाढवा. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम यायला २०१४ उजाडलं. वनहक्क कायदा २००६ चा. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू त्यांच्या ताब्यात आला. तो कोणत्या आमदाराने दिला नाही, गाव बसलं म्हणून मिळाला. तेंदूपत्त्याचा लिलाव आज ग्रामसभा करतात, पैसा थेट येतो.

मोहफूल
ताई, मेंढा-लेखा धानोऱ्यात आहे, खाणीच्या पट्ट्यात नाही. सुरजागडच्या लोहखाणीच्या भागात ग्रामसभांनी ठराव केले, त्यांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ग्रामसभेचा ठराव मुंबईत विधानसभेच्या पटलावर ठेवायला शेवटी माणूस लागतोच. आणि पाचव्या अनुसूचीप्रमाणे जनजाती सल्लागार परिषद असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य विधानसभेतले आदिवासी आमदार. अनुसूचित जमातीच्या जागा राज्यात २५. आमचे आमदार घटले तर तिथलाही आवाज घटतो.

आरमोरीचा वाटसरू
एक गोष्ट कोणीच काढत नाही म्हणून मी काढतो, शिव्या खायची तयारी ठेवून. जिल्ह्यात आदिवासी ३८ टक्क्यांच्या वर, पण तिन्ही जागा राखीव, लोकसभाही राखीव. आम्ही ओबीसींनी उभं राहायचं तरी कुठं? वर्ग तीन-चारच्या नोकरभरतीत आमचं आरक्षण ६ टक्क्यांवर आणून ठेवलं होतं, ते वाढवून घ्यायला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. नवीन जागा करणारच असाल तर एक खुली ठेवा, मग मी तुमच्यासोबत.

वैनगंगेकाठचा
वाटसरू, तुमची खदखद खरी आहे, पण नियम जिल्ह्याचा नाही. राखीव जागांची संख्या राज्यातल्या लोकसंख्येवरून ठरते, आणि जिथे आदिवासींचं प्रमाण जास्त तिथे त्या ठेवतात. गडचिरोली खुली केली तर दुसरीकडे कमी प्रमाणाची जागा राखीव करावी लागेल. तिथले ओबीसी मग तुमच्याच शब्दांत बोलतील.

धानाचा बांध
चाललं काय? जागा एक मागितली नाही तोवर तिची वाटणी सुरू.

मोहफूल
असू द्या, बोलू द्या त्यांना. हे इथेच बोललेलं बरं.

कामाचं सांगतो. फेररचना होते तेव्हा आयोग प्रस्ताव राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. राज्यातले पाच खासदार, पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही. म्हणजे लेखी हरकतीला खरी किंमत आहे. मी मसुदा लिहायला घेतलाय. त्यात दोन मागण्या: गडचिरोलीच्या जागा तीनच्या खाली नकोत, आणि सुनावणी जिल्ह्यात व्हावी. अहेरीचे दोन करा ही मागणी मी शेवटी जोड म्हणून ठेवतो, सोडत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे सुनावणीला बसलेल्याला नागपूरच्या हॉलमध्ये कळणार नाही.

प्राणहिता
मसुद्यात ग्रामसभांचे ठराव जोडा. नुसत्या सह्या नकोत. तेवढं केलं तर सिरोंच्यातून मी चार गावं गोळा करते.

वैनगंगेकाठचा
पहिल्या दोन मागण्यांवर माझी सही घ्या. तिसरीवर नाही. सुनावणी आलापल्लीत झाली तर पुण्याहून येतो, तिसऱ्या मागणीच्या विरोधात बोलायला.

नागपुरी बर्डी
पावसाळ्यात ठेवू नका म्हणजे झालं.