ह्यूस्टन: हरिकेन सीझनमध्ये आईबाबांना बोलवावं का?

कॅटीकर_नवा
मंडळी, न्यू जर्सीहून नुकतेच ह्यूस्टनजवळच्या कॅटीला शिफ्ट झालोय. आईबाबा पुण्याहून ऑगस्टमध्ये येतायत, ऑक्टोबरपर्यंत राहतील. ऑफिसात रोज एकच विषय, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा अंदाज काय, नोआचा (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) काय, किती वादळं, त्यातली मेजर (कॅटेगरी ३ आणि वरची) किती. ऐकून ऐकून बायको म्हणतेय तिकीट पुढे ढकल. काय करू?

बायू_सिटी
ढकलू नका. तो आकडा अख्ख्या अटलांटिकचा असतो, कॅरिबियन आणि गल्फ (मेक्सिकोचं आखात) धरून, तुमच्या कॅटीचा नाही. हवामान खातं १०६ टक्के पाऊस म्हणतं तेव्हा आपल्या तालुक्यात किती पडणार हे कुठे कळतं, तसंच हे. ला निना असेल तर अटलांटिकवर विंड शिअर (उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग-दिशा बदलणं) कमी, म्हणून वादळं उभी राहतात, एल निनोत शिअर त्यांची डोकी उडवतो, एवढं त्यांना आधी बऱ्यापैकी सांगता येतं. पण वादळ कुठे धडकणार हे एप्रिल-मेमध्ये कोणाच्या बापाला सांगता येत नाही. १९८३ ला पूर्ण सीझनमध्ये नाव मिळालेली वादळं चारच, पण त्यातलं अलिशिया ऑगस्टमध्ये थेट आपल्या जवळच्या गॅल्वेस्टनला, कॅटेगरी ३, ह्यूस्टन डाउनटाउनच्या बिल्डिंगांच्या काचा रस्त्यावर. उलट २०१० ला १९ वादळं आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर हरिकेन एकही नाही.

सई_शुगरलँड
वरचं सगळं बरोबर, तरी मी असते तर नोव्हेंबरात बोलावलं असतं. सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असला तरी खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, १० सप्टेंबर म्हणजे ऐन पीक. आणि वाऱ्यापेक्षा लाइटची भीती जास्त. जुलै २०२४ चं बेरिल नुसतं कॅटेगरी १ होतं, तरी २० लाखांहून जास्त कनेक्शन बंद पडली, आमच्या गल्लीत आठवडा उलटला तरी पत्ता नाही, त्यात ह्यूस्टनचा उकाडा, आणि सासऱ्यांचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात. वयस्कर माणसांना ते झेपत नाही हो.

कॅटीकर_नवा
बाप रे. तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, त्यामुळे येणार तर आहेतच. दोन प्रश्न: घराचा इन्शुरन्स आहे, त्यात पुराचं पाणी येतं ना? आणि टीव्हीवर तो पांढरा कोन दाखवतात, त्याच्या बाहेर असलो की निवांत का?

बायू_सिटी
दोन्हीचं उत्तर नाही! साध्या होमओनर पॉलिसीत पूर येत नाही, फ्लड इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो, आणि सरकारी योजनेतला साधारण ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाला नाव पडल्यावर फोन केलात तर उपयोग शून्य. त्यातून कॅटीच्या बाजूला बार्कर धरणाच्या वरच्या अंगाला घरं आहेत, हार्वी वादळात धरण भरत गेलं तशी ती बुडाली. पत्ता टाकून पुराचा मॅप बघाच.

कोन फक्त वादळाच्या केंद्राचा असतो, आणि केंद्र त्यात राहण्याची शक्यता साधारण तीनात दोन. पाऊस, वारा, पूर बाहेरही येतोच. हार्वी २०१७ ला रॉकपोर्टला धडकलं, इथून कितीतरी लांब, मग रेंगाळत बसलं आणि टेक्सासमधल्याच नेदरलँड गावात ६० इंचांवर पाऊस, म्हणजे १५०० मिमीच्या वर. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी होता, तो एका दिवसात हे खरं, पण अंदाज येईल. नॅशनल हरिकेन सेंटर वादळ असताना आपल्या वेळेप्रमाणे ४ आणि १० ला, सकाळ-संध्याकाळ, ॲडव्हायजरी काढतं, तेवढं बघा. बाकी स्पेस सिटी वेदर ही ह्यूस्टनच्या हवामानाची साइट वाचा, उगाच घाबरवत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारे दहा दिवस पुढचे रंगीत नकाशे सरळ डिलीट.

गल्फकाठी
आणि वादळाची बातमी आली की लगेच डॅलसला पळू नका. २००५ ला रिटा वादळाच्या वेळी सगळं ह्यूस्टन एकदम हायवेवर आलं, शंभरावर लोक गेले, त्यातले बरेचसे त्या पळापळीतच. इथलं जुनं सूत्र: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. कॅटीला समुद्राचं पाणी येत नाही, तेव्हा घर पुराच्या मॅपवर नसेल तर सहसा घरीच थांबायचं. औषधं महिनाभराची जास्तीची भारतातूनच आणायला सांगा.

सई_शुगरलँड
जनरेटर घेतलात तर घराबाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा. गॅरेजमध्ये अजिबात नको, शटर उघडं असलं तरी. बेरिलनंतर त्या धुराने माणसं दवाखान्यात गेली होती.