मदत हवी आहे: क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारं माशासारखं कृत्रिम आमिष) फेकायला ग्रॅफाइट रॉड (कार्बन तंतूंची मासेमारीची काठी) कोणता घ्यावा?

बेटकास्टिंग रॉड (ज्यावर रीळ वरच्या बाजूला बसतं) निवडायचा आहे. क्रँकबेट १० ते २१ ग्रॅमचे, बहुतेक ६ ते १० फूट खोल जाणारे. लाइन (दोरी) १२ पौंडांपर्यंत ताण सहन करणारी, फ्लोरोकार्बन प्लास्टिकची; रीळ ५.४:१ (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या ५.४ फेऱ्या).

अडचण ॲक्शनची, म्हणजे रॉड टोकापासून कुठवर वाकतो त्याची, आहे. फास्ट ॲक्शनचा, हाय मॉड्युलस (जास्त ताठ) ग्रॅफाइट रॉड मुख्यतः टोकाशी वाकतो. माशाने आमिष तोंडात घेतलं न घेतलं तोच ते बाहेर खेचलं जातं. ट्रेबल हुकचे (तीन टोकांच्या गळाचे) बारीक काटे वरवर रुततात आणि बोटीजवळ माशाने मान झटकली की सुटतात. हा धक्का पचवण्याचं काम मुख्यतः रॉडनेच करायला हवं. फायबरग्लासचा रॉड हे काम चोख करतो, पण दिवसभर फेकायला जड. शिवाय आमिष दगडाला घासलं की गवताला, हे हाताला धड कळत नाही.

सध्या ७ फुटी, मीडियम-हेवी पॉवर (वाकवायला लागणारा जोर), मॉडरेट ॲक्शन (मध्यापर्यंत वाकणारा) रॉड डोळ्यासमोर आहे. (पॉवर आणि ॲक्शन एकच समजून उत्तर देऊ नका, प्लीज.) मॉडरेट ॲक्शनचा निव्वळ २४ टन (कमी ताठ दर्जाचा) ग्रॅफाइट पुरेल, की ग्रॅफाइट-ग्लास कंपोझिटच (दोन्हींचं मिश्रण) घ्यावा? आणि १५ फुटांवर जाणाऱ्या क्रँकबेटसाठी ७ फूट ६ इंच लांबी खरंच लागते का?