झोपताना तुम्ही काय ऐकता? (अनुभव धागा)

मला झोप लागते, पण टिकत नाही. कुणी दार लावलं की जाग, गाडीने हॉर्न दिला की जाग. गंमत म्हणजे पंखा घरघरत असतो तोवर मी गाढ असते आणि वीज गेली की उकडायच्या आधीच डोळे उघडतात. म्हणजे आवाजाने जाग येते तशी आवाज थांबल्यानेही येते.

वाचल्यावर थोडं कळलं. कान काही मिटत नाहीत, झोपेतही मेंदू आवाजांवर लक्ष ठेवून असतो. जाग आणण्यात आवाजाच्या मोठेपणापेक्षा अचानकपणाचा वाटा जास्त. खोलीत ३० डेसिबल असताना ६० डेसिबलचं दार आपटलं तर फरक ३०चा. पंख्याने खोली आधीच ४५वर असेल तर तो १५चा उरतो. व्हाइट नॉइजचं, म्हणजे सतत एकसारखा सूं आवाज लावून ठेवण्याचं, सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे.

तर लिहा: काय लावता, किती मोठ्याने, रात्रभर की टायमरवर, आणि शेजारी झोपणाऱ्याचं त्यावर म्हणणं काय. ‘मोबाइल लांब ठेवा, आपोआप झोप येईल’ हा सल्ला मिळालेला आहे, धन्यवाद.

*रात्रपाळी*

मी सकाळी आठला झोपते, म्हणजे जग उठल्यावर. पडदे लावून अंधार करता येतो, पण ड्रिल मशीन, बेल, वरच्या मजल्यावर सरकवलेल्या खुर्च्या यांचं काय करणार? व्हाइट नॉइज लावून पाहिला. तो सूंऽऽ आवाज दातात कळ यावी तसा झाला, बंद केला. मग कुणीतरी ब्राउन नॉइज सुचवला, धबधब्याच्या लांबून येणाऱ्या घुमण्यासारखा असतो म्हणे. फोनवर लावला तर नुसती फुसफुस. कारण नंतर समजलं: फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत आणि ब्राउन नॉइजमध्ये मुख्य मालच तो. ब्लूटूथ स्पीकर घेतला तेव्हा फरक पडला. तो उशाशी न ठेवता खिडकीत ठेवते. रस्त्याचा आवाज जिथून येतो तिथूनच हाही येतो, मग दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि माझ्या कानाशी भोंगा लागत नाही. खुर्च्या मात्र अजून ऐकू येतात. धप्प आवाज भिंतीतून आणि पलंगातून येतो, त्याला स्पीकर काय करणार.

*साउंडवाला*

नॉइजच्या या व्हाइट-पिंक-ब्राउन रंगांबद्दल थोडं, माझा धंदाच आहे म्हणून. व्हाइट नॉइजमध्ये प्रत्येक हर्ट्झला (हे कंपनसंख्येचं माप, जास्त हर्ट्झ म्हणजे उंच सूर) सारखी शक्ती असते. वरच्या सप्तकांत हर्ट्झ जास्त असल्याने बहुतेक जोर वर जातो, म्हणून तो टोचतो. पिंकमध्ये वर जाताना दर सप्तकाला ३ डेसिबल कमी होतात, पावसाच्या जवळ जातो. ब्राउनमध्ये ६. तीनही लावून बघा आणि कानाला जो सोसेल तो ठेवा. ‘पिंक नॉइजने स्मरणशक्ती वाढते’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या गाजलेल्या प्रयोगात झोपेच्या संथ लहरी मोजून नेमक्या क्षणी आवाजाचे छोटे ठोके दिले होते. रात्रभर स्पीकर चालू ठेवणं ही वेगळी गोष्ट.

आणि पंखावाल्यांनो, तुमची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या ‘स्लीप-मेट’ या यंत्राच्या डबीत खरोखरच छोटा पंखा होता. वारा नाही, नुसता आवाज.

*घोरणाऱ्याची बायको*

नवऱ्याच्या घोरण्यावर मी पावसाचं रेकॉर्डिंग लावायचे. आवाज वाढवत वाढवत इतका नेला की तोच एकदा उठून म्हणाला, ‘अगं, खिडकी लाव, पाऊस आत येतोय.’ पण घोरणं झाकलं जायचं नाही, कारण ते एकसारखं नसतं. चढतं, चढतं, मग एकदम गप्प. आणि त्या गप्प होण्यानेच मी जागी व्हायचे. श्वास थांबलाय असं वाटायचं, तेवढ्यात तो गुदमरल्यासारखा धापकन श्वास घ्यायचा. डॉक्टरांना हे असंच करून दाखवलं (नवरा शेजारी बसून लाजत होता). झोपेची चाचणी झाली, झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता तो सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) लावून झोपतो. त्या मशीनला स्वतःची मंद, सपाट घूं आहे. पावसाची मला गरजच उरली नाही, तो गावाला गेला की उलट झोप येत नाही. कुणाच्या घरी असं थांबून थांबून घोरणं असेल तर त्यावर आवाज लावून झाकू नका, आधी तपासा.

*बाळाची आई*

आमच्याकडे हे बाळासाठी आलं. बाळं याने शांत होतात यात शंका नाही. १९९०च्या एका अभ्यासात नवजात बाळांचे वीस-वीसचे दोन गट होते. व्हाइट नॉइज ऐकवलेल्या गटातली १६ बाळं पाच मिनिटांत झोपली, दुसऱ्या गटातली फक्त ५. पण मशीन पाळण्याच्या दांडीला अडकवायची क्लिप बघून आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ती काढायलाच लावली. २०१४ साली बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात, ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये अशा १४ यंत्रांची मोजणी आली होती. पूर्ण आवाजात, ३० सेंटिमीटरवर सगळीच्या सगळी ५० डेसिबलच्या वर. ५० ही रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी सांगितलेली मर्यादा. तीन तर ८५च्याही पुढे. म्हणून आमचं मशीन पाळण्यापासून दोन मीटरहून लांब, आवाज अगदी खालच्या खुणेवर, आणि बाळ झोपलं की बंद.

*साउंडवाला*

+१. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत भिंतींमुळे तेवढे होत नाहीत, म्हणून अंतर आणि आवाज दोन्ही सांभाळा.

*कानात गुंई*

मला टिनिटस आहे. दिवसा विसरायला होतं, रात्री दिवा मालवला की कानातली शिट्टी सुरू. तुम्ही ज्या शांततेसाठी धडपडता तिची मला धास्ती वाटते. ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) एक गोष्ट सांगितली, ती इथे कुणाच्या कामाला येईल. आवाज शिट्टी बुडेल इतका ठेवायचा नाही, ती आवाजाच्या आतून थोडी ऐकू आली पाहिजे. झाकून टाकली तर मेंदूला तिची सवय कशी होणार? मी समुद्र लावतो, पण लाट फुटून मागे जाते त्या फटीत शिट्टी डोकं वर काढते, म्हणून संथ वाहती नदी बरी पडते.

*हलकी झोप*

नदी-पाऊस लावणाऱ्यांनी रेकॉर्डिंगची लांबी बघून घ्या. माझ्या पावसात दर काही मिनिटांनी तोच पक्षी त्याच ठिकाणी ओरडायचा. एकदा लक्षात आल्यावर मी झोपायचं सोडून त्याची वाट बघत पडायचे. आणि फुकटच्या अ‍ॅपमध्ये पहाटे जाहिरात लागते ती वेगळीच. आता माझ्याच पंख्याचा आवाज तासभर रेकॉर्ड करून ठेवलाय. प्रवासात चालतो, फोन विमान मोडवर.

*शांतताप्रिय*

विरोधी मत नोंदवतो. २०२१ साली ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात व्हाइट नॉइजच्या बाजूचा पुरावा कच्चा निघाला. तुम्हाला बरं वाटतंय ते वाटू दे, पण औषधासारखं सांगू नका. मी फोमचे इअरप्लग वापरतो. बहुतेक लोक ते नुसते कानात कोंबतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात. बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, सुरळी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. तरी पाकिटावर लिहिलेले डेसिबल पूर्ण मिळत नाहीतच.

*गोष्टीवेल्हाळ*

मला नॉइज कुठलाच चालत नाही, माणसाचं बोलणं लागतं. अट एकच, गोष्ट आधी ऐकलेली हवी. नवी असली की पुढे काय झालं म्हणून जागा राहतो. टायमर अर्ध्या तासाचा, आणि आवाज हळूहळू विरत जाणारा. खट्कन बंद झालं तर धागाकर्तीसारखं व्हायचं.

*नवीन सदस्य*

हे सगळं लावल्यावर सकाळचा अलार्म ऐकू येतो का? धुराचा अलार्म, दाराची बेल? एकटी राहते म्हणून विचारतेय.

*रात्रपाळी*

मला येतो, पण माझ्यावर जाऊ नका. दिवसा स्पीकर नेहमीच्या आवाजावर लावा, पलंगावर आडव्या व्हा, इअरप्लग घालत असाल तर तेही घाला आणि मैत्रिणीला बेल वाजवायला सांगा. धुराच्या अलार्मला चाचणीचं बटण असतं, तेही दाबायला लावा. दार लावून एकदा, उघडं ठेवून एकदा. जेमतेम ऐकू आलं तर आवाज दोन खुणा खाली आणा. जागेपणी जेमतेम ऐकू येणारा अलार्म झोपेत कुठला ऐकू यायला.