डोलकाठीच्या आत गुंडाळले जाणारे मुख्य शीड उघडताना अडकते : मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या नौकेचे मुख्य शीड डोलकाठीच्या पोकळीतच एका उभ्या दांड्यावर, म्हणजे मँड्रेलवर, गुंडाळले जाते. आउटहॉल, म्हणजे शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवरून (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्यावरून) मागे ओढणारी दोरी, ओढला की ते डोलकाठीच्या मागच्या फटीतून बाहेर येते आणि फर्लिंगची (गुंडाळण्याची) दोरी ओढली की पुन्हा आत जाते. गेल्या काही काळापासून हे शीड साधारण एक तृतीयांश सुरळीत उघडते आणि मग एकाएकी थांबते. त्यानंतर विंचवर (दोरी ओढण्याच्या फिरत्या यंत्रावर) जोर दिला तर आउटहॉल ताठ होतो, पण कापड हलत नाही. हे दर वेळी घडत नाही, त्यामुळे कारण हाती लागणे अवघड झाले आहे.

शीड अडकलेले असताना फटीतून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा मधल्या स्प्रेडरच्या (डोलकाठीच्या बाजूला निघालेल्या आडव्या दांड्याच्या) थोडे वर कापडाची एक उभी घडी दिसली. बोटाएवढी जाड झालेली ही घडी बाहेर येणाऱ्या थराला चिकटून फटीच्या कडेशी आली होती. बाहेर येणारा थर तिला सोबत ओढतो आणि अरुंद फटीत दोन्ही मिळून पाचरीसारखे बसतात, असे मला वाटते. तसे असेल, तर आउटहॉल जितका जोरात ओढावा तितकी ती पाचर अधिक घट्ट होणार, म्हणून मी विंचचा वापर तिथेच थांबवला.

यांत्रिक भाग शक्य तितके तपासले आहेत. शीड पूर्ण उघडलेले असताना मँड्रेल हाताने मोकळेपणाने फिरते, वरचे स्विव्हल (फिरता सांधा) अडत नाही, हॅल्यार्डचा (शीड वर चढवणाऱ्या दोरीचा) मँड्रेलला वेढा पडलेला नाही आणि फटीच्या कडा हाताला गुळगुळीत लागतात. शीड डेक्रॉनचे (पॉलिएस्टर कापडाचे), बॅटन (आकार धरणाऱ्या पट्ट्या) नसलेले आणि बरेच वापरलेले असून त्याच्या मध्यभागी आता चांगलीच झोळ आली आहे. यावरून मी अशा निष्कर्षापर्यंत आलो आहे, की शीड अडकते ते उघडताना, पण बिघाड आधीच, ते गुंडाळतानाच, आत शिरलेला असतो. वारा वाढल्यावर घाईने गुंडाळलेले शीडच पुढच्या वेळी अडकते, ही गोष्टही याच दिशेने बोट दाखवते.

मला याची काळजी वाटते ती सुरक्षिततेच्या दृष्टीने. साधे मुख्य शीड काहीही झाले तरी हॅल्यार्ड सोडून खाली घेता येते. हे शीड मात्र पूर्ण उघडल्याशिवाय उतरवता येत नाही, कारण त्याची पुढची कड गुंडाळीच्या अगदी आतल्या थराखाली मँड्रेलच्या खाचेत असते. अर्धवट अडकलेले शीड त्यामुळे लहानही करता येत नाही आणि काढताही येत नाही.

या प्रणालीचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे, की अडकलेली घडी सोडवण्याचा सर्वांत निर्धोक क्रम कोणता, गुंडाळताना वारा कोणत्या बाजूने असावा याचा काही पक्का नियम आहे का, आणि या साऱ्याचे मूळ झोळ आलेल्या कापडातच असेल, तर बाकीचे उपाय व्यर्थ ठरतील का?

प्रतिसाद :

आपले निदान मला बरोबर वाटते, आणि जोर न लावण्याचा आपला निर्णय तर नक्कीच योग्य आहे. विद्युत विंच असलेल्यांनी याबाबत अधिक जपावे, कारण हाताला जो अडथळा लगेच जाणवतो तो बटणाला जाणवत नाही आणि कापड फाटल्यावरच कळते.

शीड अडकले की प्रथम शीट (बूम आवरून धरणारी दोरी) सैल सोडून शिडातील वारा काढावा आणि नौकेची नाळ (पुढचे टोक) जवळजवळ वाऱ्याकडे आणावी. फर्लरचा (गुंडाळणाऱ्या यंत्रणेचा) रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा खटका, चुकून लागलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. मग आउटहॉलवर हलका ताण कायम ठेवून शीड थोडे आत घ्यावे, पुन्हा थोडे बाहेर सोडावे, आणि हे न कंटाळता करत राहावे. आत घेताना ताण असल्यामुळे गुंडाळी आवळली जाते आणि घडीला फटीपासून सुटायला जागा मिळते. एवढ्याने भागले नाही, तर वारा दुसऱ्या बाजूने घेऊन पाहावा, कारण त्यामुळे कापड फटीच्या ज्या कडेवर घासते ती कड बदलते. बूमचे मागचे टोक थोडे वर-खाली करून पाहिल्यानेही कधी कधी घडी सुटते. डोलकाठीवर चढून घडी हाताने मोकळी करणे हा शेवटचा उपाय होय. तो शांत पाण्यातच आणि दोन स्वतंत्र दोरांच्या आधारानेच करावा, आणि स्क्रू-ड्रायव्हरसारखे टोकदार अवजार कापडाला लावू नये.

वाऱ्याच्या बाजूचा नियम आहे, पण तो मँड्रेल कोणत्या दिशेने फिरते यावर ठरतो. वरून पाहताना गुंडाळण्याच्या वेळी मँड्रेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असेल, तर कापड गुंडाळीच्या उजव्या अंगाला जाऊन मिळते. तिथून फटीच्या मध्यातून सरळ रेष काढली, तर ती बाहेर डावीकडे जाते. म्हणजे शीड बाहेर किंचित डावीकडे झुकलेले असले, की कापड फटीच्या कडेवर कमीत कमी वाकते, आणि त्यासाठी वारा नाळेच्या थोडा उजवीकडून यायला हवा. मँड्रेल उलट दिशेने फिरत असेल, तर बाजूही उलटी धरावी. वारा मागून असताना गुंडाळणे टाळावे, कारण त्या वेळी सगळे शीड कडेवर दाबले जाते.

माझ्या मते बूमची उंची याहूनही महत्त्वाची आहे. बूमचे मागचे टोक फार खाली असेल, तर मागची कड ताणली जाते आणि तळाची कड सैल राहते. फार वर असेल, तर तळ ताणला जातो आणि मागची कड ढिली पडून वरचे कापड चुरगळत आत जाते. आपली घडी मधल्या स्प्रेडरच्याही वर आहे, म्हणून बूम प्रमाणाबाहेर उचलला जातो का, हे मी सर्वांत आधी पाहीन. दोन्ही कडांवर सारखा ताण येईल अशी उंची एकदा सापडली, की टॉपिंग लिफ्टवर (बूमचे टोक वरून पेलणाऱ्या दोरीवर) किंवा व्हँगवर (बूमला खालून आवरणाऱ्या साधनावर) खूण करून ठेवावी.

प्रतिसाद :

वरच्या सूचनांशी सहमत आहे. त्यांत बॅकस्टेची, म्हणजे डोलकाठीच्या टोकापासून नौकेच्या मागच्या टोकाला येणाऱ्या आधारतारेची, भर घालावीशी वाटते. बॅकस्टे ताणलेला असेल तर डोलकाठी वाकते, मँड्रेल मात्र सरळ राहू पाहते, आणि मग मधल्या उंचीवर गुंडाळी पोकळीच्या भिंतीला घासू लागते. शीड उघडण्यापूर्वी आणि गुंडाळण्यापूर्वी बॅकस्टे सैल करावा.

उघडतानाही एक काळजी घ्यावी लागते. फर्लिंगची दोरी भराभर सोडली आणि आउटहॉल मागे राहिला, तर आतली गुंडाळी सुटून फुगते व पोकळी भरून टाकते. दोरीवर किंचित रोध ठेवून आउटहॉलनेच शीड बाहेर काढावे. गुंडाळताना हेच उलट करावे, म्हणजे आउटहॉल मोकळा न सोडता विंचवर एक वेढा ठेवून हळूहळू द्यावा.

झोळ आलेल्या कापडाविषयी स्पष्टच सांगायचे, तर मधले जास्तीचे कापड कुठेतरी जाणारच, आणि त्याची घडी होण्याची शक्यता कायम राहणार. हॅल्यार्डचा ताण नीट ठेवल्यास थोडा फरक पडतो. तो कमी असेल तर पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडून गुंडाळी तिथे जाड होते, आणि फार जास्त असेल तर त्याच कडेला उभी घडी धरते. शिलाईकाराकडून झोळ काही प्रमाणात कमी करून घेता येते, परंतु कापडच मऊ पडले असेल तर तो खर्च नव्या, सपाट कापलेल्या शिडासाठी राखून ठेवणे बरे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :

दोघांचेही मनापासून आभार. आमचे मँड्रेल गुंडाळताना काट्यांच्या उलट फिरते, हे आज पाहून घेतले. शीड आत घेताना आम्ही बूम बराच उचलत असू, त्यामुळे घडीची जागा त्या स्पष्टीकरणाशी तंतोतंत जुळते. आधी बूमची उंची आणि बॅकस्टे ठीक करून मंद वाऱ्यात शीड पूर्ण उघडेन व नव्याने गुंडाळेन. हॅल्यार्डला मात्र त्या वेळी हात लावणार नाही, म्हणजे फरक पडलाच तर तो कशामुळे पडला हे कळेल. वर सुचवलेला आउटहॉलचा एक वेढा वारा वाढल्यावर एकट्या माणसाला सांभाळता येतो का, एवढेच विचारायचे राहिले आहे.

प्रतिसाद :

येतो, फक्त दोन्ही दोऱ्या कॉकपिटमध्ये हाताशी हव्यात. एका हाताने फर्लिंगची दोरी विंचवर घ्यावी आणि दुसऱ्या हाताने आउटहॉलचा वेढा सरकू द्यावा. मागची कड फडफडू लागली, तर आउटहॉल जास्त सुटतो आहे असे समजून तिथेच थांबावे, ताण परत आणावा आणि मगच पुढे गुंडाळावे. वारा वाढण्याची चिन्हे दिसताच शीड लहान करायला घेतले, तर हे सर्व सावकाश करायला वेळ मिळतो.