लेकीच्या डोक्यात कोंडा की लिखा?

खानापूरची आई: लेक तिसरीत आहे. चार दिवस झाले, कानामागं नि मानेवर खसाखसा खाजवते. केसांत पांढरे ठिपके दिसतात. सासूबाई म्हणतात, रॉकेल लाव. मला भीती वाटते.

वडगावचा काका: रॉकेल अजिबात नको, ताई! कातडी भाजते, चुलीजवळ गेली तर पेट घेईल. ठिपका चिमटीत धरून ओढा. कोंडा लगेच सुटतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते.

खानापूरची आई: ओढून बघितलं, हलत नाही. लिखाच. केस कापावे लागतील का? कमरेपर्यंत वेणी आहे तिची.

निपाणीची आजी: एक केसही कापू नको गं. दोन नातींच्या उवा मीच काढल्यात. ओल्या केसांना कंडिशनर लाव, एकेक बट घेऊन बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढ आणि दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पूस. तिळाएवढी तपकिरी ऊ चालताना दिसेल. औषध हवं तर १ टक्का परमेथ्रिनचं. १० मिनिटं ठेवून धुवायचं. ९ दिवसांनी परत, कारण लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात. घरातल्या सगळ्यांची डोकी बघ, सासूबाईंचंसुद्धा.